वाघाचे मोजे

एका जंगलात एक वाघ राहत होता. खरं म्हणजे जंगल त्याचंच होतं. पण मुलांनो, ही गोष्ट सुरू होते तेव्हा तो त्यात नुसता राहत होता. असं का झालं ते आधी सांगतो. मध्ये प्रश्न विचारू नका. विचारलेत तर मी विसरतो आणि मग गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागते.

वाघाचं नाव ढाणोजीराव महाराज, सातवे. आधीच्या सहांनी काय केलं ते कुणाला आठवत नाही, पण आकडा मोठा असला की घराणं जुनं वाटतं. सातव्यांच्या डरकाळीनं म्हणे पलीकडच्या डोंगरावरचे आवळे गळत. 'म्हणे' म्हणतो, कारण ती मी ऐकलेली नाही. जंगलातल्या लहान जनावरांनीही ऐकलेली नव्हती.

तर एके दिवशी समुद्रापलीकडून एक गलबत आलं. त्यातून एक मांजर उतरली. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, गळ्यात रेशमी फीत. ती थेट महाराजांच्या गुहेत गेली आणि म्हणाली, "ओळखलंस का बाळ? मी तुझी मावशी."

महाराज गोंधळले. त्यांच्या आईसाहेबांना बहीण असल्याचं घरात कधी कुणी बोललं नव्हतं. आईसाहेब केव्हाच वारल्या होत्या, विचारणार कुणाला? त्यांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाण होते तरसोपंत. ते जातीचे तरस, त्यामुळे सदा हसत असत. ते नक्की कुणाच्या बाजूचे आहेत हे त्यामुळे कुणालाच कळत नसे.

"मांजर ही वाघाची मावशी, हे तर शेंबडं पोरही सांगेल, महाराज," तरसोपंत हसत म्हणाले. "शिवाय माय मरो, मावशी जगो, असंही म्हणतात."

एका नात्याला दोन दोन म्हणी सापडल्या. एवढा पुरावा महाराजांकडे स्वतःच्या राज्याचाही नव्हता. ते मावशीच्या पाया पडले.

"मला काही नको रे," मावशी म्हणाली. "म्हातारी झाले मी. अंग टाकण्यापुरती जागा दे, बस्स."

तसं पळसाच्या पानावर लिहून दिलं : मावशीस अंग टाकण्यापुरती जागा. महाराजांनी चिखलात पंजा बुडवून खाली ठसा उठवला. चार बोटं आणि तळवा, स्वच्छ. मावशीनं तो उजेडात धरून नीट पाहिला. तिला तो इतका आवडला की पुढे तिनं कायदाच करून टाकला. चार बोटं आणि तळवा स्पष्ट नसेल तर तो कागद खोटा.

मग ती अंगाचं मुटकुळं करून एका कोपऱ्यात झोपली. टोपलीभर जागा लागली. सगळ्यांना तिची दया आली.

दुसऱ्या दिवशी ती उठली आणि तिनं आळस दिला. मांजर आळस देताना केवढी लांब होते ते तुम्ही पाहिलं असेलच. पुढच्या गलबतानं तिच्या तीनशे बहिणी आल्या. त्याही मावश्याच. त्यांनीही अंग टाकलं. कुणी, कुठे आणि किती टाकायचं हे पानावर लिहिलेलंच नव्हतं. दोन पावसाळ्यांत महाराजांकडे गुहा, गुहेपुढचं अंगण आणि पाणवठा एवढंच उरलं.

आणि डरकाळी बंद झाली. मांजर दिवसातले सोळा तास झोपते. मावशी झोपलेली असताना ओरडणं बरं दिसत नाही. उरलेले आठ तास मावशी समोर असे. वडीलधाऱ्यांच्या तोंडावर ओरडणं तर मुळीच बरं दिसत नाही.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. माणूस म्हणजे पक्षी. रखमाजी शिंपी. मूठभर अंग आणि दाभणासारखी चोच. पाणवठ्याच्या काठी सागाचं एक रोपटं होतं, जेमतेम कमरेएवढं. त्याची दोन रुंद पानं एकमेकांना शिवून रखमाजीनं घर केलं होतं. आत सावरीचा कापूस, कापसात तीन अंडी आणि अंड्यांवर त्याची बायको चंद्रा.

एवढ्या खाली घर म्हणजे मांजरांना ताटात वाढून ठेवल्यासारखं. पण तो पाणवठा वाघाचा होता. वाघ तिथे पाणी पीत असे, म्हणून मांजरं तिकडे फिरकत नसत. मावशी झाली तरी पाणी पिणाऱ्या वाघाच्या पाठीमागे कोण जाणार? रखमाजीचा सगळा संसार त्या एका गोष्टीवर टांगलेला होता. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगणार नाही.

वैशाखात मावशीनं दवंडी पिटवली. मोठा दरबार भरणार. समुद्रापलीकडून खुद्द मोठे बोकेसाहेब येणार. महाराजांना 'भाचे, पहिला वर्ग' असा किताब मिळणार. त्या आनंदात महाराज आपण होऊन, खुशीनं, पाणवठा मावशीला भेट देणार. 'खुशीनं' हा शब्द पानावर आधीच लिहून ठेवला होता, म्हणजे ऐन वेळी राहून जायला नको.

आणि प्रत्येकानं दरबारी पोशाखात यायचं.

"आम्ही उघडेच असतो," गवा म्हणाला.

"तेच तर," मावशी म्हणाली.

"पण मावशीसाहेब, आपणही..."

"आमची ती फर. तुमचं ते कातडं."

हा फरक गव्याला कळला नाही, पण विचारायची त्याला लाज वाटली. मग पोशाख ठरले. मोराचा पिसारा मिटून त्यावर खाकी गवसणी. साळिंदराच्या एकेका काट्याला एकेक बूच. अस्वलाला आठ बटणांचा लोकरीचा कोट, गव्याला सहा बटणांचा, तेही वैशाखात. कुणी रागावलं असेल असं तुम्हाला वाटेल. छे. कोटाला बटणं सहा की आठ यावरून अस्वल आणि गवा महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. मलाही एकदा सत्कारात शाल मिळाली होती, तेव्हा शेजाऱ्याच्या शालीचा जरीकाठ जास्त रुंद होता हे मी अजून विसरलेलो नाही, त्यामुळे मी त्यांना हसणार नाही.

महाराजांच्या पोशाखासाठी मावशी स्वतः रखमाजीकडे आली. बरोबर सहा बहिणी. त्या सागाच्या रोपट्याभोवती गोल करून बसल्या.

"लाल मखमल मी देते," मावशी म्हणाली. "दोराही आमच्या देशाचा, जाड. पट्टे सगळे झाकले पाहिजेत. गळपट्टा हनुवटीपर्यंत, कडक. आणि बाह्यांनाच मोजे जोडायचे."

"मोज्यांना तोंड कुठे ठेवू?"

"तोंड नकोच. आत पंजा घातला की वरून शिवून टाकायचं. पक्की टीप, दुहेरी."

रखमाजी शिंपी होता. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांपुढे पोशाख उभा राहिला. कडक गळपट्टा, म्हणजे जबडा उघडणार नाही. बंद मोजे, म्हणजे नखं बाहेर येणार नाहीत. हा पोशाख नव्हता, मखमलीचा पिंजरा होता.

"मावशीसाहेब, यात महाराज जेवणार कसे?"

"दरबारात जेवायचं नसतं. दिसायचं असतं." मावशीनं मान वर करून रखमाजीच्या घराकडे पाहिलं. "छान आहे हो तुझं घर. अगदी हाताशी."

सहाही बहिणींनी एकदम जिभल्या चाटल्या. रखमाजीनं मखमल उचलली.

मांजरं गेल्यावर तो फांदीवर बसून मखमल उलटसुलट करून पाहू लागला. चंद्रा अंड्यांवरूनच म्हणाली, "अहो, झबल्याला कसले टाके घालता हो तुम्ही?"

"कच्चे. पोर वाढतं. अंग भरलं की झबलं उसवायला सोपं पडावं म्हणून."

"मग महाराजांनाही तसलेच घाला की. डरकाळी फोडायची तर छाती फुगणारच."

रखमाजीनं बायकोकडे असं पाहिलं की ती लाजली. त्यानं जाड दोरा बाजूला ठेवला आणि कोळ्याच्या जाळ्याचा एकपदरी धागा काढला. पण कच्चा टाका नुसता कच्चा घालून भागणार नव्हतं. तो पक्का दिसायला हवा होता. मुलांनो, पक्की टीप कुणीही घालील. कच्चा टाका पक्का दिसायला दुप्पट कसब लागतं, आणि ते त्या जंगलात एकट्या रखमाजीकडे होतं. त्याच्या बापानं, आज्यानं असलं काम केलं नव्हतं. पंधरा दिवस तो मान मोडून शिवत राहिला.

मध्ये माप घ्यायला तो गुहेत गेला. छातीभोवती वेल गुंडाळून म्हणाला, "महाराज, एक डरकाळी फोडा. फुगीचं माप घ्यायचंय."

महाराजांनी गुहेच्या तोंडाशी पाहिलं. "आत्ता नको. मावशी झोपली आहे."

"मग उद्या येतो."

"उद्याही झोपेल रे ती. तू अंदाजानं घे की."

रखमाजीनं अंदाजानं घेतलं. वाघ म्हटल्यावर केवढी छाती असते याचा जो अंदाज तुम्ही कराल, तोच त्यानं केला.

दरबाराच्या सकाळी त्यानं महाराजांच्या अंगावर पोशाख चढवला. मोजे शिवले, गळपट्टा बसवला. पोशाख खरोखर सुंदर झाला होता. महाराजांनी डबक्यात पाहिलं आणि ते बघतच राहिले. रखमाजी त्यांच्या कानाशी गेला.

"महाराज, गुपित सांगतो. टाके कच्चे आहेत."

"काय?"

"हळू बोला. धागा कोळ्याचा आहे. एकदा छाती भरून श्वास घेतलात की गळपट्टा आणि मोजे, सगळं सुटेल. मग एक डरकाळी फोडा. एकच. मांजरं समुद्रापर्यंत थांबणार नाहीत."

महाराजांचा चेहरा उतरला. "म्हणजे भर दरबारात उसवू शकतो?"

"त्यासाठीच तर..."

"बरं झालं आधी सांगितलंस," महाराज म्हणाले. त्यानंतर ते अगदी बेताबेतानं श्वास घेऊ लागले.

दरबार भरला. उंबराखाली मावशी, तिच्या शेजारी खुर्चीत मोठे बोकेसाहेब. त्यांचं गलबत ओहोटीबरोबर निघायचं होतं, म्हणून त्यांना घाई होती. मोर गवसणीत ताठ उभा होता. अस्वल घामानं निथळत होतं, पण सहा बटणांच्या गव्याकडे तोंड फिरवून. साळिंदराची बुचं दोनदा मोजून झाली.

तरसोपंतांनी किताब वाचून दाखवला. "भाचे, पहिला वर्ग!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या हाताला मोजे होते त्यांचा आवाज आला नाही. मग तरसोपंतांनी पाणवठ्याचं पान पुढे केलं आणि चिखलाची वाटी ठेवली.

महाराजांनी पंजा चिखलात बुडवला आणि पानावर टेकवला. पानावर एक गोल डाग पडला.

बोकेसाहेबांनी चष्मा लावला. "बोटं कुठायत?"

सगळे त्या डागाकडे पाहू लागले. बोटं मोज्यात होती. तळवाही मोज्यात होता.

"चार बोटं आणि तळवा स्पष्ट नसेल तर कागद खोटा," बोकेसाहेब म्हणाले. "कायदा तुम्हीच केलाय, बाई."

मावशीच्या मिशा खाली आल्या. तिनं पुढे होऊन मोज्याची शिवण निरखली. दुहेरी, घट्ट, कुठे फट नाही. "ही टीप उसवायला दोन दिवस लागतील," ती पुटपुटली.

"माझ्याकडे घटका नाही. ओहोटी लागलीय. पुढचं गलबत दिवाळीत."

फांदीवर बसलेल्या रखमाजीनं हे ऐकलं आणि त्याला हर्षवायू व्हायची वेळ आली. दिवाळीत! अंडी चार दिवसांत फुटणार होती. दिवाळीपर्यंत पोरं उडून दुसऱ्या डोंगरावर संसार थाटतील. डरकाळीची गरजच नव्हती. मावशीनं आपल्याच हुकमानं आपलाच कागद बुडवला होता. कुणी काही न बोलता नुसतं उभं राहिलं की काम फत्ते. तेवढ्यात त्याला आठवलं की टाके कच्चे आहेत. आणि हे आणखी एकाला माहीत आहे.

महाराजांना मावशीचा पडलेला चेहरा बघवेना. पाहुण्यांसमोर आपल्या घरच्या बाईची शोभा झालेली कुणाला आवडेल?

"थांबा मावशी," ते म्हणाले. "काळजी करू नका. शिंप्यानं मला सांगितलंय. टाके कच्चे आहेत."

आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

दोन वर्षांत पहिल्यांदा. छाती फुगली, फुगतच गेली. गळपट्टा फाटकन उडाला. उजव्या मोज्याची शिवण टर्र करून शेंड्यापर्यंत गेली आणि आतून पंजा बाहेर आला. पंजातून नखं बाहेर आली. लाल मखमलीतून पिवळे-काळे पट्टे उन्हात चमकले.

तीनशे मावश्या एका उडीत उंबरावर चढल्या. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं शिकवलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बोकेसाहेब खुर्चीखाली गेले. मावशीची शेपटी फुगून बाटली घासायच्या ब्रशाएवढी झाली. पहिल्यांदाच तिच्याकडे बघून कळलं की ती किती लहान आहे. गव्यानं शिंगं खाली केली. साळिंदराची दोन बुचं आपोआप उडाली. वर रखमाजी, खाली सगळं जंगल, कुणी श्वास घेत नव्हतं.

महाराजांनी जबडा उघडला.

"ठसा कुठे उठवायचा?" त्यांनी विचारलं.

तरसोपंतांनी हसत जागा दाखवली. चार बोटं आणि तळवा, स्वच्छ.

पुढचं मला सांगवत नाही, पण गोष्ट सुरू केली की संपवावी लागते. मावश्या उंबरावरून खाली उतरल्या. बोकेसाहेबांनी पान फुंकून वाळवलं. मावशीनं शेपटी चाटून जागच्या जागी बसवली आणि गोड आवाजात विचारलं, "पण बाळ, टाके कच्चे का होते रे?"

हा प्रश्न महाराजांना सुचलाच नव्हता. आता सुचल्यावर त्यांना फार राग आला. "खरंच की! भर दरबारात आमचा मोजा फाटला. आमची अब्रू गेली."

"हल्लीच्या कारागिरांना कामाची चाडच नाही," अस्वल म्हणालं. गव्यानं मान डोलावली. महिन्याभरात त्या दोघांचं प्रथमच एकमत झालं.

साळिंदराच्या उडालेल्या बुचांपैकी एक सापडलं होतं. तेच रखमाजीच्या चोचीवर ठोकून बसवलं. शिवणाऱ्याला त्या दिवसापासून खायचीसुद्धा पंचाईत झाली. चंद्रानं किडे बारीक करून त्याच्या चोचीच्या कडेनं भरवले, म्हणून तो जगला. अंड्यांबद्दल विचारू नका. मांजरं पाणवठ्यावर संध्याकाळीच आली होती, आणि सागाचं ते रोपटं हाताशी होतं. मला त्या तीन अंड्यांचं वाईट वाटतं. गोष्टीतली असली म्हणून काय झालं?

"तुमचं काम चुकलं नाही हो," चंद्रा त्याला म्हणाली. "मापच चुकलं."

त्यावर तो काय बोलला असता ते कुणाला कळणार नाही. चोचीला बूच होतं.

ढाणोजीराव महाराजांना पुढे, ज्याचा मोजा फाटला नव्हता त्या डाव्या पंजासाठी नवा किताब मिळाला. पाणी प्यायला ते मावशीची परवानगी घेऊन जात. परवानगी नेहमी मिळत असे. मावशी मनानं चांगली आहे असं ते सगळ्यांना सांगत.

तो पोशाख आजही आहे. समुद्रापलीकडे मावशीच्या गावात एका मोठ्या काचेच्या कपाटात ठेवलाय. दुरून दुरून जाणकार येतात आणि भिंगातून त्याची शिवण बघतात. कोळ्याच्या एकपदरी धाग्यानं इतकी घट्ट दिसणारी टीप घातली कशी, हे त्यांना उलगडत नाही. उजवा मोजा तसाच उसवलेला ठेवलाय. खाली पाटी आहे : 'वाघाचा दरबारी पोशाख. मावशीसाहेबांना प्रेमानं भेट. कारागीर अज्ञात.'

पोशाख उभा राहावा म्हणून आत पेंढा भरलाय. ज्यांनी महाराजांना पाहिलं होतं ते म्हणतात, काही फरक वाटत नाही.

तात्पर्य : जुलमी मालकाचं काम नेहमी हुकमाबरहुकूम, मन लावून आणि पक्कं करावं. तो आपल्या अकलेनं बुडत असतो. बुडताना त्याला हात देतो तो आपलाच वाघ, आणि त्या वाघाचा हात मोकळा करून देतो तो आपल्यातलाच एखादा शहाणा शिंपी.